पुढच्या फटीतलं पाणी

१ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून कामाच्या नोंदी दोन ठिकाणी. एक ऑफिसच्या रजिस्टरात, तिथे काय केलं आणि कधी केलं एवढंच लिहायचं असतं. दुसरी इथे, जेवणाच्या सुट्टीत, डबा धुऊन ठेवल्यावर.

साहेबांनी सकाळी नवं मानक माझ्या टेबलावर आणून ठेवलं. चारशे बारा पानं. स्वतः आणून ठेवलं, शिपायाकरवी नाही. आमचा प्रोग्राम डोंगराचे कापलेले कडे तपासतो. रस्त्यासाठी किंवा खाणीसाठी डोंगर उभा कापला की मागे उरलेला खडक घसरेल का, कलंडेल का, ते सांगतो. घसरण्याचा भाग दुसऱ्यांनी लिहिलाय. कलंडण्याचा माझा, एकोणीस वर्षांपासून. काही डोंगरांत खडक उभ्या फळ्यांसारखा असतो, कपाटात दाटीने लावलेल्या पुस्तकांसारखा. पुढचं पुस्तक काढलं की मागची एकेक करून झुकतात. माझा प्रोग्राम प्रत्येक फळी वेगळी घेतो, तिचं वजन बघतो, फटीतलं पाणी बघतो, वरच्या फळीचा रेटा बघतो आणि ठरवतो, ही उभी राहील की जाईल.

आतापर्यंत शेवटी एकच आकडा यायचा. तो ठरलेल्या मर्यादेच्या वर गेला की कडा पास. नव्या मानकात तसं नाही. जे पाडायला बघतं ते आधीच वाढवून धरायचं, जे सावरतं ते कमी करून धरायचं, आणि मग शंभर टक्क्यांच्या आत बसतं का ते बघायचं. साहेब या पुस्तकाला पोथी म्हणतात. मेअखेरीस आपला प्रोग्राम पोथीप्रमाणे चालायला हवा. त्यानंतर सरकारी कामांत जुनी पद्धत चालणार नाही.

म्हणाले, तुमच्याशिवाय हे कोणाला जमणार? खोटं कशाला लिहू, बरं वाटलं.

१९ फेब्रुवारी, शुक्रवार

पोथी पहिल्यांदा वाचून झाली. कोणता भार कितीने वाढवायचा, कितीने घटवायचा, त्या गुणकांचं कोष्टक सरळ आहे. अडचण पाण्याची. फळीच्या पाठीमागच्या फटीतलं पाणी तिला पुढे ढकलतं, म्हणजे ते पाडणारं. तिच्या पुढच्या फटीतलं पाणी तिला मागे रेटतं, म्हणजे ते सावरणारं. मग पाठीमागचं वाढवायचं आणि पुढचं घटवायचं? पाणी तर एकाच पावसाचं.

सध्या अक्षरशः वाचून तसंच लिहिलंय. बघू.

तपासणीला शंकाबाई आहेत. प्रोग्रामचा प्रत्येक भाग त्यांच्या हाताखालून जातो आणि त्यांना जे खटकतं त्याला त्या नंबर देतात. ऑफिसात सगळे त्यांना शंकाबाईच म्हणतात. त्यांना माहीत आहे, आणि एकदा त्यांनी स्वतःच चिठ्ठीखाली तशी सही केली होती. आतापर्यंत बावन्न शंका. त्यातल्या चाळीस तरी माझ्या वेळेचा नाश आहेत.

११ मार्च, गुरुवार

नाकी नऊ आले. जुने पस्तीस कडे नव्या प्रोग्राममधून काढले. हे सगळे आमच्या माहितीतले, वर्षानुवर्षं उभे असलेले. बावीस नापास.

त्यात दादाच्या खिंडीतला कडाही आहे. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, रस्ते खात्यात मुकादम. इथून गाडीने दोन तासांवर त्याची खिंड आहे आणि तिथला रस्ता मोकळा ठेवणं हे त्याचं काम. तो कडा तीस वर्षं ऊनपाऊस झेलत उभा आहे आणि माझा प्रोग्राम म्हणतो एकशे एकतीस टक्के. म्हणजे तो कधीच पडायला हवा होता.

काहीतरी जास्तच कडक धरलं गेलंय.

२४ मार्च, बुधवार

साहेबांनी तीन मोठ्या ग्राहकांना प्रोग्राम वापरून बघायला दिला होता. तिघांचंही एकच म्हणणं, उभे डोंगर पाडणारा प्रोग्राम आम्ही घ्यायचा कशाला? साहेब आवाज चढवत नाहीत. खिडकीशी उभे राहून म्हणाले, पोथी लिहिणारे काही वेडे नव्हते, त्यांना उभे असलेले डोंगर पाडायचे नव्हते. तेव्हा आपल्या वाचण्यातच काहीतरी चुकत असणार. तुम्ही अनुभवी आहात, शोधून काढा.

मला पटलं. निकाल काय हवा ते त्यांनी सांगितलं नाही, एवढं इथे नोंदवून ठेवतो.

७ एप्रिल, बुधवार

सापडलं. पान दोनशे सहा. एकाच स्रोतातून येणारे भार एकाच गुणकाने धरावेत. मागचं आणि पुढचं पाणी एकाच स्रोताचं, म्हणून वेगळं मोजायचंच नाही. दोन्हींची वजाबाकी करायची आणि उरेल त्याला एक गुणक. किती सोपं, किती सुटसुटीत. दीड महिना डोळ्यांसमोर होतं.

पस्तीसपैकी बत्तीस पास. दादाचा कडा सत्त्याण्णव टक्के. जीव भांड्यात पडला. प्रोग्राम बरोबर असतो तेव्हा तो अनुभवाशी जुळतो, हे मी नेहमी म्हणत आलोय.

१५ एप्रिल, गुरुवार

शंका नंबर अठ्ठ्याऐंशी. शंकाबाई चिठ्ठी न पाठवता स्वतः आल्या, हातात पोथी. म्हणाल्या, पुढची फट डोंगराच्या तोंडाशी असते, उघडी असते. पाऊस ओसरला की ती आधी रिकामी होणार. पाठीमागच्या फटीत माती असते, तिच्यात पाणी तुंबून राहणार. तेव्हा ढकलणारं पाणी आहे आणि धरणारं नाही, असं झालं तर?

मी पान दोनशे सहा दाखवलं. त्यांनी पान दोनशे अकरा दाखवलं. तिथे एक ओळ आहे की पाण्याचा आधार धरायचा असेल तर ते पाणी तिथे टिकणार याची खात्री हवी. मी सांगितलं, ही ओळ धरणांच्या भिंतींसाठी आहे. तसं तिथे लिहिलेलं नाही, पण रोख तोच आहे.

"तसं लिहून द्याल का?" त्यांनी विचारलं.

दिलं लिहून. मानकाशी सुसंगत, बदल नको. सही, तारीख, शंका बंद. एवढ्या सूक्ष्मात गेलं तर जगात एक डोंगर पास होणार नाही. जाताना त्यांनी खुर्ची जागेवर सरकवून ठेवली. त्यांचा हा व्यवस्थितपणा कधीकधी अंगावर येतो.

२८ मे, शुक्रवार

प्रोग्राम वेळेत बाहेर पडला. मानक समितीतल्या एकाचं पत्र आलं, पोथी प्रत्यक्षात आणण्याचं हे उत्तम उदाहरण आहे म्हणून. साहेबांनी ते सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. माझ्या नावाला टाळ्या पडल्या. शंकाबाईंनीही वाजवल्या.

२० जून, रविवार

दादाकडे जाऊन आलो. मी शिकावं म्हणून तो सोळाव्या वर्षी कामाला लागला. हे तो कधी बोलत नाही, त्यामुळे मलाच सारखं आठवतं. हाताखालच्या माणसांना सांगत होता, हा माझा धाकटा, डोंगरांचं गणित करतो.

खिंडीत रस्ता अरुंद, एका वेळी एकाच बाजूच्या गाड्या सोडतात. तिथे झेंडे घेऊन एक बाई उभी असते. तिशीची असेल, उन्हाने रापलेली, डोक्यावर दोन नंबर मोठं हेल्मेट. सगळे तिला झेंडेवाली म्हणतात. आमच्या गाडीत मुकादम बसलाय हे दिसत असूनही तिने लाल झेंडा धरला तो खाली घेतलाच नाही. दादाने हात हलवला तर म्हणाली, मुकादम असाल, पण पलीकडून ट्रक सुटलाय. वीस मिनिटं थांबलो. दादा हसत होता. म्हणाला, हिच्या हातात झेंडा असला की मी निर्धास्त जेवतो.

मग त्याने मला कडा दाखवला. वरच्या भेगेवर काचेच्या पट्ट्या सिमेंटने चिकटवल्यात. भेग हलली की काच तडकणार. त्याला सांगितलं, आता या कड्याची तपासणी नव्या पद्धतीने होईल, खात्याने सल्लागार नेमलाय आणि तो माझाच प्रोग्राम वापरणार आहे. दादाने कड्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मग काळजी मिटली," म्हणाला.

१२ ऑगस्ट, गुरुवार

आठ दिवस पाऊस. इथे फक्त बूट ओले होतात, दादाकडे वेगळं आहे. अकरा वाजता त्याचा फोन आला. वरच्या दोन काचा तडकल्या म्हणून त्याने काल संध्याकाळी आपल्या अखत्यारीत रस्ता बंद केला. आता वरून फोनावर फोन येतायत. खिंडीपलीकडे तीन गावं आहेत, तिथे इंधन संपतंय, दोघांना डायलिसिसला न्यायचंय. सल्लागाराचा अहवाल सत्त्याण्णव टक्के म्हणतो, मग रस्ता कशासाठी बंद, असं त्याला विचारतायत.

त्याने मला विचारलं, तुझं गणित काय म्हणतं?

सल्लागाराकडून फाईल मागवली, पाण्याची पातळी वाढवून स्वतः चालवली. अठ्ठ्याण्णव. शंभराच्या आत. परत फोन केला तेव्हा दादाने आणखी एक सांगितलं. दोन दिवस समोरच्या फटींतून धो धो पाणी वाहत होतं, पण आज पाऊस उघडल्यापासून ते थांबलंय. समोरच्या फटी कोरड्या दिसतात. वरची भेग मात्र काठोकाठ भरलेली आहे. मी म्हटलं, चांगलं लक्षण आहे, समोरून निचरा नीट झाला. त्याने विचारलं, "तर उघडू?"

"आकडा म्हणतो कडा उभा राहील," मी म्हणालो.

"तू म्हणतोस ना, मग झालं."

त्याच्या आवाजात थकवा होता. जबाबदारी वाटून घ्यायला कोणी असलं की माणसाला हलकं वाटतं. आज त्याच्या उपयोगी पडलो.

१४ ऑगस्ट, शनिवार

सकाळी सव्वादहाला कडा कोसळला. वहिनीचा फोन. दादा सुखरूप आहे.

१६ ऑगस्ट, सोमवार

दोघं गेले. लोडरचा ड्रायव्हर यंत्राखाली शिरून वंगण घालत होता. आणि झेंडेवाली.

ज्यांनी पाहिलं ते सांगतात, आधी वरून मुठीएवढे दगड आले. झेंडेवालीने हिरवा झेंडा खाली टाकला आणि लाल घेऊन रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. शाळेची बस आणि मागे आठ गाड्या थांबल्या. बसवाल्याने हॉर्न वाजवला, ती हलली नाही. बस थांबली याची खात्री झाल्यावर ती मागे वळली, ड्रायव्हरला हाक मारायला. तेवढ्यात सगळ्या फळ्या एकामागून एक आल्या.

दादा शंभर पावलांवर होता.

१९ ऑगस्ट, गुरुवार

गणित तीनदा तपासलं. त्यात चूक नाही. पोथीशी सुसंगत आहे, समितीचं पत्र आहे. खडकाचं घर्षण सल्लागाराने चढवून दिलं असेल. किंवा वरची मोजणी चुकली असेल. शेवटी प्रोग्राम त्याला दिलेल्या आकड्यांवरच चालतो.

दादाला फोन केला. त्याने उचलला, म्हणाला, "आता काही दिवस फोन करू नकोस. आपलं बोलणं झालेलंच नाही, समजलं?" आणि ठेवला. माझ्यावर रागावलाय. साहजिक आहे, दुःखात माणूस जवळच्यांवरच राग काढतो.

२३ ऑगस्ट, सोमवार

शंकाबाई दुपारी आल्या आणि माझ्याशेजारी खुर्ची ओढून बसल्या. मीच खिंडीची फाईल उघडली. मीच पुढच्या सगळ्या फटींतलं पाणी शून्य केलं, पाठीमागचं तसंच भरलेलं ठेवलं. त्यांनी सांगितलं म्हणून नव्हे. त्या नुसत्या बसल्या होत्या.

एकशे चौतीस.

दादाने फोनवर सांगितलं होतं की समोरच्या फटी कोरड्या आहेत. मी म्हटलं होतं, चांगलं लक्षण आहे.

मग शंकाबाई म्हणाल्या, पाणी पिऊन या. मी गेलो. परत आलो तर त्या निघून गेल्या होत्या.

२६ ऑगस्ट, गुरुवार

साहेबांना सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. म्हणाले, चूक हा शब्द वापरू नका. पोथीच्या एका ओळीचे दोन अर्थ निघतात, आपण एक घेतला, समितीने तो वाखाणला. आता दुसरा घेऊ. पुढच्या आवृत्तीत ‘पाण्याच्या मोजणीत सुधारणा’ एवढं एक वाक्य टाकायचं. जुन्या कामांबद्दल कोणाला काही कळवायचं नाही, कारण आपणहून कळवणं म्हणजे कबुलीच. आणि अठ्ठ्याऐंशी नंबरची शंका? ती तर तुम्हीच बंद केलेली, ते म्हणाले. म्हणून हे तुमच्याच भल्यासाठी सांगतोय.

वाक्य लिहून दिलं. केबिनमधून बाहेर आलो तेव्हा सुटल्यासारखं वाटलं. लाज वाटते, पण वाटलं ते वाटलं.

९ सप्टेंबर, गुरुवार

पेपरात आलंय. चौकशी समितीसमोर मुकादमाने सांगितलं की भेग पाहून रस्ता सुरक्षित आहे असं त्याचं स्वतःचं मत झालं आणि त्याने तो उघडला. तडकलेल्या काचांची नोंद असूनही उघडला, म्हणून निलंबन, आणि निष्काळजीपणाचा गुन्हा दाखल होण्याची शक्यता.

त्याने असं का सांगितलं असेल? मला विचारल्याचं सांगितलं असतं तर त्याच्या बाजूने ते वजनदार ठरलं असतं. बहुधा तसा प्रश्नच कोणी विचारला नसेल.

१२ सप्टेंबर, रविवार

न कळवता दादाच्या घरी गेलो. तो झेंडेवालीच्या वडिलांकडे गेला होता, रोज जातो म्हणे. ते त्याला दारात उभं करत नाहीत, हा बाहेर पायरीवर बसून परत येतो.

वहिनी एकटीच होती. मी म्हटलं, दादा माझ्यावर रागावलाय का? ती माझ्याकडे बघत राहिली, जणू मी परक्या भाषेत बोललो.

मग तिने सांगितलं, समितीने त्याला एकदा नाही, तीनदा विचारलं होतं. कोणाचा सल्ला घेतलास? फोनचं बिल काढून दाखवलं आणि विचारलं, भावाशी त्या दिवशी दोनदा काय बोलणं झालं? तो म्हणाला, घरगुती. तिन्ही वेळा तेच. घरी आल्यावर त्याने वहिनीला बजावलं की धाकट्याचं नाव या घरात काढायचं नाही, त्याचं अजून सगळं पुढे आहे.

माझं वय सत्तेचाळीस. त्याच्या लेखी माझं अजून सगळं पुढे आहे.

वहिनी रडली नाही, ओरडली नाही. मी उठायला लागलो तेव्हा म्हणाली, "भावजी, आलात ते बरं केलंत. पण इथून उठून कुठे जाणार, ते ठरवून उठा."

मी तसाच बसून राहिलो. मग तिने जेवायला वाढलं. ताट संपवलं.

१७ सप्टेंबर, शुक्रवार

ठरत नाही. सकाळी ठरतं, ऑफिसची पायरी चढली की विरघळतं. चौकशी समितीपुढे गेलो तर नोकरी जाणार, पुन्हा या कामात कोणी उभं करणार नाही. आणि गेल्याने दोघं परत येणार आहेत का? हा युक्तिवाद रोज माझ्या तोंडाशी असतो. रोज तो थोडा अधिक पटतो, म्हणूनच त्याची भीती वाटते.

घरात सगळं सांगितलं. बायकोने शांतपणे ऐकलं आणि एकच विचारलं, त्या बाईला मुलं होती का?

मला माहीत नव्हतं. महिना उलटून गेला, विचारावंसं सुचलंही नव्हतं.

२० सप्टेंबर, सोमवार

चौकशी समितीला सगळं लिहून पत्र दिलं. हातात नेऊन दिलं, पोच घेतली. मग शंकाबाईंना जाऊन सांगितलं. त्यांनी कपाटातून अठ्ठ्याऐंशी नंबरच्या चिठ्ठीची प्रत काढून दिली, माझ्या सहीची. मी विचारलं, एवढे दिवस ही तुमच्याकडे होती, तुम्हीच का नाही दिलीत?

"देणार होते. शुक्रवारपर्यंत वाट बघायची ठरवलं होतं," म्हणाल्या. "तुम्ही चार दिवस आधी आलात."

साहेबांनी सांगितलं, उद्यापासून येऊ नका.

४ ऑक्टोबर, सोमवार

समितीची खोली एखाद्या शाळेच्या वर्गासारखी. लांब टेबल, मागे तीन जण, समोर एकच खुर्ची. शेवटच्या रांगेत एक म्हातारे गृहस्थ आणि त्यांच्या मांडीला टेकून सात-आठ वर्षांची मुलगी. कोणी ओळख करून दिली नाही. गरजही नव्हती.

फोनवर काय बोललो ते शब्दशः सांगितलं. एकशे एकतीस, सत्त्याण्णव, अठ्ठ्याण्णव, एकशे चौतीस, सगळे आकडे सांगितले. फटींतलं पाणी समजावताना टेबलावरची पुस्तकं उभी करून दाखवली. अध्यक्षांनी चिठ्ठी हातात घेऊन विचारलं, ही शंका कोणी बंद केली?

"मी."

"तुम्हाला ती चुकीची वाटली होती?"

तोंडाशी पान दोनशे सहा आलं होतं. पण उत्तर भलतंच निघालं.

"नाही. कडे पास व्हायला हवे होते."

माझ्या आवाजात ते वाक्य मी पहिल्यांदाच ऐकत होतो. या वहीची मागची पानं आज चाळली. त्यात हे कुठेच लिहिलेलं नाही, आणि प्रत्येक पानावर आहे.

दादा बाहेर जिन्यात उभा होता. खंगलाय, सदरा खांद्यावरून लोंबतोय. मला वाटलं होतं तो जवळ घेईल. त्याने तोंड फिरवलं. मी हाक मारली तेव्हा थांबला.

"तुला वाटलं असेल, आता माझं ओझं उतरलं," तो म्हणाला. "तुझा आकडा होता, खरं आहे. पण काच मी पाहिली होती. भरलेली भेग मी पाहिली होती. माझे डोळे नको म्हणत होते आणि मी तुला विचारलं, कारण मला होय ऐकायचं होतं. आणि तिला त्या जागेवर रोज मी उभं करत होतो."

मग हळू आवाजात म्हणाला, "एक माणूस तरी वाचवायचा होता मला. तेही तू करू दिलं नाहीस."

वहिनी त्याला हाताला धरून खाली घेऊन गेली.

९ नोव्हेंबर, मंगळवार

समितीचा निर्णय आला. दादावर गुन्हा नाही. पण मुकादमी गेली, त्याला भांडारात बसवलंय, फावडी आणि बूट मोजायला. मला तीन वर्षं कोणत्याही आराखड्यावर सही करता येणार नाही. कंपनीला ताकीद. पोथीतल्या त्या ओळीपुढे आता आणखी दोन ओळी घालणार आहेत. दोन माणसांच्या दोन ओळी.

समितीने आणखी एक सांगितलंय. मे महिन्यापासून या प्रोग्रामवर पास झालेले सगळे कडे पुन्हा तपासायचे. एक्केचाळीस आहेत. प्रोग्रामच्या आतलं मला ठाऊक आहे म्हणून काम माझ्याकडे, पण सही शंकाबाईंची. त्यांना साहेबांनी काढलं नाही, त्यांनीच राजीनामा दिला. खात्याच्या इमारतीत नकाशांच्या खोलीत दोन टेबलं मिळालीत. मी गणित करतो, त्या खोडतात, मी पुन्हा करतो. आज त्यांनी माझी एक बेरीज तीनदा परत पाठवली. तिसऱ्यांदा चूक खरंच निघाली.

३ डिसेंबर, शुक्रवार

एक्केचाळीस संपले. चौतीस ठीक. सहांना वर जाळी ठोकून आणि पाण्याला वाट करून भागेल. एका ठिकाणी भागणार नाही, एकशे अठरा. जुन्या खाणीचा कडा, खाली खाणकामगारांची एकोणीस घरं, कड्यापासून चाळीस पावलांवर. कडा साठ वर्षं उभा आहे.

शंकाबाईंनी आकडा चार बाजूंनी तपासला. मी, देव करो आणि चूक निघो, अशी वाट बघत होतो. त्यांनी सही केली आणि पेन बंद करून कितीतरी वेळ हातात धरून बसल्या.

१५ डिसेंबर, बुधवार

आज घरं रिकामी केली. मी यायला हवं असं कोणी म्हटलं नव्हतं, मीच गेलो. खात्याने पलीकडच्या मैदानावर पत्र्याच्या खोल्या उभारल्यात. कोवळं ऊन होतं, कडा स्वच्छ कोरडा, वर गवत हलत होतं. इतका निरुपद्रवी डोंगर मी पाहिला नसेल. लोक सामान काढताना शिव्या देत होते आणि शिव्या कोणाला द्यायच्या हे कोणीतरी त्यांना दाखवून दिलं होतं. एक म्हातारबाबा माझ्यापुढे थुंकले. मी बाजूला झालो नाही.

सातव्या घरात शिवणकाम करणाऱ्या एक बाई राहतात, एकट्याच. पायाने चालवायचं जुनं मशीन त्यांनी उंबऱ्यापर्यंत ओढत आणलं होतं. मला विचारलं, तुम्हीच ना ते गणितवाले? मी हो म्हटलं.

"नक्की पडणार आहे का तो?"

"माहीत नाही."

"मग कधी कळेल?"

"पडला तर कळेल. नाही पडला तर कधीच कळणार नाही."

त्यांनी कड्याकडे पाहिलं, मग घराकडे. दारावर आकाशी रंग नुकताच दिलेला होता. मला वाटलं, आता बोलतील मनातलं. पण त्या म्हणाल्या, "उभे काय राहिलात? त्या बाजूने धरा."

मशीन भलतंच जड होतं. मैदानापर्यंत जाताना दोनदा खाली ठेवावं लागलं. दोन्ही वेळा त्यांनी आधी वर बघितलं, मग पुन्हा उचललं.

कडा अजून उभा आहे.